तीन फळ्या

गाड्यांच्या खेळाचे नऊ भाग निघाले.
मारामारीच्या खेळाचे तर इतके
की माझ्या भाच्यालाही मधले दोन-तीन आठवत नाहीत.
आमच्या पुलाचा दुसरा भाग
कोणीच काढला नाही.

पिवळी कॅसेट होती. वरचा कागद निघालेला,
म्हणून नाव कधी कळलंच नाही.
सुरुवातीला चिनी की जपानी अशी तीन अक्षरं यायची.
संघपाल वाचून दाखवायचा :
"चपला बाहेर काढा, लिहेल हाय."

शालिकभाऊ घड्याळं दुरुस्त करायचे, आर्णीच्या स्टँडसमोर.
भिंतीवर चाळीसेक घड्याळं,
प्रत्येक आपापल्या वेळेला मेलेलं,
त्यामुळे खेळाचा हिशोब एसटीवर.
एका रुपयात यवतमाळ गाडी येईपर्यंत.
उशिरा आली तर आपली चांदी,
वेळेवर आली तर ड्रायव्हरच्या सात पिढ्या.
अडॅप्टर तापायचा. त्यावर ओलं फडकं टाकून ठेवलेलं.
वीज खात्यात एकवीस वर्षं काढल्यावर
आज ते फडकं आठवलं की अंगावर काटा येतो.

खेळ एवढाच : नदी.
ह्या काठावर मी, त्या काठावर संघपाल.
एकेक फळी टाकत मध्यात यायचं.
खालून पाणी चढायचं, निळे चौकोन, एकावर एक,
वरून एक पक्षी फळ्या पळवायचा.
जीव संपले तर बटण दाबून
समोरच्याचा एक उसना घेता यायचा.
विचारायची सोयच नव्हती.
घेतला, की त्याचा एक कमी.
"काऊन बे, मले इचारलं का?"

आणि तीन फळ्या राहिल्या
की लाईन जायची.
रोज. तीनच.
पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा.
तो विझेपर्यंत आम्ही जागचे हलायचो नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली फळी,
कॅसेटला कालचं काही आठवायचं नाही.

दारव्ह्याच्या एका पोट्ट्यानं पुरा केला म्हणे.
पूल जुळला की दोघं एकमेकाच्या काठावर निघून जातात, म्हणे.
कोणी म्हणे, तिथंच भांडतात.
रेश्मा चव्हाण, जी वडिलांचं घड्याळ न्यायला यायची
आणि तीन गाड्या जाईपर्यंत दारात उभी असायची,
एकदाच बोलली :
"जुळल्यावर दिसते. तिसरा काठ असते."
नदीला तिसरा काठ.
आम्ही हसलो. मी अजून त्याच्यावर विचार करतो.

दुसरा भाग काढणाऱ्या माणसा,
असशील तिथं ऐक.
पाणी खऱ्यासारखं करू नको,
खरं पाणी आमच्या अरुणावतीत आम्ही पाहिलंय.
चौकोनच ठेव. पक्षी ठेव.
कालचं आठवेल असं कर.
आणि उसना घेताना
एकदा विचारायची सोय कर.

संघपाल चाकणला असतो, प्रेस शॉपला.
रविवारी फोन करतो, पोरीचं सांगतो, गुडघ्याचं सांगतो,
ठेवता ठेवता म्हणतो,
"माहा एक जीव हाय बे तुह्याजोळ."
"दुसरा भाग निघू दे, याजासकट देतो."
तो हसतो. मशीनचा आवाज येतो.

मी सबस्टेशनला ऑपरेटर आहे.
वेळापत्रक वरून येतं, कोणाची लाईन कधी पाडायची.
ज्याला आम्ही दोघांनी रोज शिव्या घातल्या
तो माणूस आता मीच.
काल तीन नंबरच्या फीडरची वेळ झाली.
हात स्विचवर होता.
खिडकीतून गावातला एक चौकोन दिसत होता, निळा,
हलत होता.
चार मिनिटं थांबलो.

उशीर झाला तर रजिस्टरला कारण लिहावं लागतं.
लिहिलं :
तीन फळ्या बाकी होत्या.
साहेबांनी अजून विचारलं नाही.